बिजॉय जैन यांच्या कामातून मी जे चुकीचं उचललं

आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षात माझ्या टेबलासमोर भिंतीवर एकच फोटो चिकटवलेला असायचा. अलिबागहून मुरूडकडे जाताना लागणाऱ्या नांदगावातलं, 2007 मध्ये पूर्ण झालेलं पामायरा हाउस. माडांच्या बागेत दोन लांबट लाकडी पेट्या, अंगभर ताडाच्या पट्ट्या. हे घर स्टुडिओ मुंबईचं, म्हणजे आर्किटेक्ट बिजॉय जैन यांच्या ऑफिसचं. हल्ली ज्युरीसमोर, म्हणजे कॉलेजात डिझाइन तपासणाऱ्या परीक्षकांसमोर, दर तिसरा पोरगा तेच नाव घेतो, आणि तेवढ्याचसाठी हे लिहायला बसलोय. त्या फोटोच्या नादात मी मामाच्या घरात पाऊस घेतला आहे.

घर गुहागरजवळचं. माझं पहिलं स्वतंत्र काम. मामाने भाच्यावर विश्वास टाकला, मी पश्चिमेची सगळी भिंत लूव्हर्सची, म्हणजे फटी ठेवून लावलेल्या आडव्या पट्ट्यांची केली. दोन इंची चौकोनी पट्ट्या, मध्ये इंचभर फट, आणि ‘स्वच्छ पेटी’ दिसावी म्हणून वळचण जेमतेम नऊ इंच. सुतारकाका एकदाच म्हणाले, "साहेब, झड येईल ना इथून?" मी त्यांना लॅपटॉपवर फोटो दाखवला. ते गप्प बसले. मला वाटलं, पटलं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मामीचा फोन आला. गादी भिजली होती.

आता हे नीट समजून घ्या, कंटाळा आला तरी. कोकणात पाऊस वरून पडत नाही, समुद्राकडून आडवा येतो. चौकोनी पट्ट्या एकाखाली एक लावल्या की मधली फट सरळ आरपार असते, आडव्या पावसाला ती उघडं दारच. पट्टी तिरकी हवी, आणि वरच्या पट्टीची बाहेरची खालची कड खालच्या पट्टीच्या आतल्या वरच्या कडेपेक्षा खाली उतरायला हवी. समोर उभं राहून पलीकडचं काही दिसलं तर पाणीही येणार, इतकं ते सोपं आहे. पण एवढ्याने भागत नाही. वारा जोराचा असला की पाणी तिरक्या पट्टीवरून वर चढतं, म्हणून आतल्या कडेला छोटी उभी पट्टी लागते. खालच्या चौकटीला बाहेर उतार लागतो, नाहीतर पाणी तिथेच साचून लाकूड कुजतं. शिवाय पावसाळ्यात लाकूड फुगतं. मी लूव्हर्सच्या उघडझाप करणाऱ्या पल्ल्यांना जागाच सोडली नव्हती, त्यामुळे जुलैत ते बंदही होईनात. आणि या सगळ्याच्या आधी वळचण. तीन फूट वळचण असती तर वरच्या निम्म्या चुका झाकल्या गेल्या असत्या.

फोटोत यातलं काही दिसत नाही. तिथले माड मला सजावट वाटले होते; वारा अडवायला माझ्या मामाच्या पश्चिमेला एक शेवग्याचं झाड होतं. तिथल्या पट्ट्या ताडाच्या का, हेही मी कधी विचारलं नव्हतं. ताडाच्या बुंध्याचा बाहेरचा भाग कठीण असतो, गाभा भुसभुशीत. बाहेरचाच भाग कामाचा, तो ओळखायला आणि कापायला हात लागतो. सांगाडा ऐनाचा. मी सागवान परवडत नाही म्हणून बाजारात मिळालं ते लाकूड लावलं आणि वरून पॉलिश मारलं. असो.

बिजॉय जैन यांचा प्रवास आपण शेवटाकडून वाचतो, तिथेच घोटाळा होतो. जन्म 1965, मुंबई. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीतून 1990 मध्ये पदव्युत्तर शिक्षण, मग लॉस एंजेलिसला अमेरिकन आर्किटेक्ट रिचर्ड मायर यांच्याकडे. तिथे ते मॉडेल बनवण्याच्या कामात होते. 1995 मध्ये परत येऊन काम सुरू केलं. पुढे अलिबागजवळ जी कार्यशाळा उभी राहिली तिथे सुतार, गवंडी आणि आर्किटेक्ट एकत्र काम करायचे, सुतारांच्या स्वतःच्या स्केचवह्या असायच्या. एखादा सांधा कागदावर ठरायच्या आधी खऱ्या मापात करून बघायचा, ही रीत. 2010 च्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे आर्किटेक्चरच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात, त्यांनी ही कार्यशाळाच मांडली: नमुने, तुकडे, वह्या. आपण मात्र या सगळ्यातून फक्त पट्ट्या उचलतो.

माझ्या मते अलिबागजवळच्या चोंढीचं त्यांचं कॉपर हाउस हे विद्यार्थ्यांनी जास्त बघावं असं घर. तिथे विहीर खणून निघालेल्या मातीने जमीन उचलली आणि जोतं जुलै 2005 च्या पुराच्या पातळीच्या वर नेलं. तांब्याचं छप्पर नंतर बघा. मेलबर्नच्या बागेत त्यांनी उभारलेल्या 2016 च्या एमपॅव्हिलियन या तात्पुरत्या मंडपाचंही तसंच. सगळे सात किलोमीटर बांबूचे आकडे सांगतात, मला मात्र छताच्या कारवीच्या काड्यांनी हलवलं. आपल्याकडे कुडाची भिंत जिची करतात तीच कारवी. आजोळच्या गोठ्याला होती, मी तिला कधी मटेरियल मानलं नाही.

घाबरू नका. शंभर सुतारांची कार्यशाळा तुमच्याकडे नाही, आणि नसणारच. तशी घरं बांधणारे मालकही वेगळे असतात, हे कुणी वर्गात बोलत नाही. पण एक सांधा खऱ्या मापात करून घ्यायला एक दिवस आणि थोडं लाकूड पुरतं. पट्ट्यांचा तीन फुटी तुकडा करा, बाहेर उभा करा, पाइपने जोरात पाणी मारा. मी हे केलं असतं तर एका दुपारीत कळलं असतं.

ट्रेनिंगला ऑफिस निवडताना नाव बघू नका, साइटवर किती वेळा नेतात ते विचारा. मी मोठ्या नावाकडे गेलो आणि सहा महिने रेंडरमध्ये, म्हणजे इमारतीच्या कॉम्प्युटरवरच्या चित्रांत, झाडं चिकटवली. फुकट राबवून ‘शिकायला मिळतंय ना’ म्हणणाऱ्याला गुरू म्हणायचं मी सोडलंय. माझे खरे गुरू ते सुतारकाका होते, पण तेव्हा मी त्यांना फोटो दाखवत होतो.

मामा रागावला नाही, हेच जास्त लागतं. कोकणात पावसाळ्याआधी पडवीला झावळ्यांची झापं बांधतात. लहानपणापासून दर मे महिन्यात मी ते बघत आलो, आणि घराचे फोटो काढायला मुद्दाम एप्रिलमध्ये गेलो होतो, झापं लागायच्या आत. आता मामा माझ्या लूव्हर्सवर बाहेरून झापं बांधतो. गेल्या वर्षी बांधायला मीही गेलो होतो. सुंभाची गाठ मला अजून नीट येत नाही.