जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पच्या वायरी ‘नीट’ करायला जाऊ नका

सांगलीत माझा हात बसला तो व्हॉल्व्हच्या (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबच्या) रेडिओवर. त्यामुळे पहिला गिटार अ‍ॅम्प उघडला तेव्हा सगळं ओळखीचंच वाटलं, आणि तिथेच फसलो. आतल्या वायरी वेड्यावाकड्या दिसल्या म्हणून सरळ केल्या, मेणाच्या दोऱ्याने त्यांची छान जुडी बांधली. चालू करून आवाज वाढवला, तर शिट्टी! दोन दिवस व्हॉल्व्ह बदलत बसलो. दोष दोऱ्याचा होता.

प्लेट म्हणजे व्हॉल्व्हचं सिग्नल बाहेर देणारं टोक, तिच्या वायरीत वाढलेला सिग्नल असतो. ग्रिडची, म्हणजे सिग्नल आत नेणारी, वायर तिला खेटून धावली, की तो परत आत शिरतो आणि अ‍ॅम्प स्वतःच ओरडू लागतो. या दोन वायरी लांब ठेवा, ओलांडायच्याच झाल्या तर काटकोनात. फिलामेंटच्या (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेच्या) 6.3 व्होल्टच्या वायरींना घट्ट पीळ हवा. मिरजेचा सतार करणारा जवारी, म्हणजे तारांखालच्या घोडीचा माथा, दिसायला गुळगुळीत व्हावी म्हणून घासत नाही, कानाने ऐकत घासतो, इथेही तसंच. उघडल्याबरोबर फोटो काढा. शंका असेल ती वायर अ‍ॅम्प चालू ठेवून कोरड्या बांबूच्या काडीने हलवून पाहा. दुसरा हात खिशात.

आत हात घालायचा असेल तेव्हा प्लग काढलात म्हणून निर्धास्त होऊ नका. वीज साठवणाऱ्या फिल्टर कॅपॅसिटरमध्ये 400 व्होल्ट सहज टिकून असतात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्याचा मर्दपणा नको. 10 किलोओहम, 5 वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने कॅपॅसिटरच्या दोन टोकांना लावा आणि मीटरवर शून्य बघा.

दुसरी चूक म्हणजे हाताने डाग दिलेल्या प्रत्येक अ‍ॅम्पला ‘पॉइंट-टू-पॉइंट’ (बोर्डाशिवाय, भाग थेट जोडलेला) म्हणणं. व्हॉक्स कंपनीच्या जुन्या एसी30 अ‍ॅम्पमध्ये टॅगस्ट्रिप, म्हणजे डाग द्यायच्या पत्र्याच्या कानांच्या पट्ट्या, असतात, आपल्या रेडिओसारख्या. साठच्या दशकातल्या फेंडर कंपनीच्या अ‍ॅम्पमध्ये मात्र फायबरचा बोर्ड आणि त्यात पितळी आयलेट, म्हणजे डाग द्यायची छोटी भोकं. हा फरक नुसता नावाचा नाही, कारण फायबर ओल पितो. सांगलीत 2019 च्या पुरात पाणी न शिरलेल्या घरातही महिनाभर भिंती दमट होत्या. तशा खोलीतला बोर्ड हळूहळू वीज वाहू लागतो. चरचर ऐकू येते, व्हॉल्व्ह बदलून जात नाही. अ‍ॅम्प चालू असताना मीटरची काळी पिन चॅसीला (धातूच्या सांगाड्याला) आणि लाल पिन हाय व्होल्टेजच्या आयलेटशेजारी कोऱ्या बोर्डावर टेकवा. तिथे व्होल्ट दिसले तर चोर बोर्डच. हेअर ड्रायरने मंद आचेवर, सावकाश वाळवा. जास्त तापवलंत तर वरचं मेण वितळून पसरेल. तरीही वीज गळत असेल तर बोर्ड बदलणं भाग आहे.

गुणगुण येते म्हणून सरसकट कॅपॅसिटर उपटू नका. 100 हर्ट्झची असेल तर आधी फिल्टर कॅपॅसिटर पाहा, 50 ची असेल तर फिलामेंट आणि ग्राउंड. पॉवर व्हॉल्व्ह काढूनही त्याच्या ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्ट दिसले तर बहुधा कपलिंग (दोन टप्पे जोडणारा) कॅपॅसिटर गळतोय. तेवढाच बदला.

अमेरिकन अ‍ॅम्प 117 व्होल्टचा असतो. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या 230 ला जोडू नका. दोन पिनांच्या जुन्या केबलबरोबर मेन्सपासून चॅसीला एक कॅपॅसिटर जोडलेला असतो. तो शॉर्ट झाला तर चॅसीच जिवंत होते, आणि गिटारच्या तारा त्याच चॅसीला जोडलेल्या. मी तो काढतो, तीन पिनांची केबल घालून अर्थिंग थेट चॅसीला देतो. हा एकच बदल मी गिऱ्हाइकाला न विचारता करतो.