‘जैवविविधता’ हा शब्द वाक्यात नेमका कसा वापरावा?

‘जैवविविधता जपा’ हे वाक्य फलकावर ठीक, पण त्यातून काहीच दिसत नाही. या शब्दाआधी जागा सांगा आणि सोबत निदान दोन-तीन जिवांची नावं घ्या: ‘कास पठारावर सोनकी, तेरडा, सीतेची आसवं अशी फुलं येतात, तिथली जैवविविधता कातळावरच्या पातळ मातीवर टिकून आहे.’ आता वाचणाऱ्याला कळतं, काय जपायचं ते.

सर्वांत जास्त गल्लत होते ती हिरवाईशी. माळरानावर एकाच जातीची हजारो रोपं लावली, तर हिरवाई वाढली म्हणा. जैवविविधता वाढली असं म्हणू नका. उलट तिथलं गवत आणि त्यावर जगणारे माळढोक, तणमोर, धाविक या पक्ष्यांचा आसराच गेला, तर ती घटते. हा फरक बातम्यांतही पाळला जात नाही, याचं फार वाईट वाटतं.

हा शब्द जंगलापुरता ठेवू नका. एकाच पिकाचे निरनिराळे वाण हीसुद्धा जैवविविधताच. ‘राहीबाई पोपेरे यांनी अकोले तालुक्यात गावरान बियाणं जपलं, त्यामुळे शिवारातली जैवविविधता टिकली’ हे वाक्य अगदी योग्य आहे.

क्रियापदं साधी घ्या: टिकते, घटते, जपतो, नोंदवतो. शेवटचं तर ग्रामसभेतही उपयोगी पडेल: ‘आपल्या गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार आहे का? तिच्यात ओढ्यातले मासे आणि रानभाज्या नोंदवल्यात का?’ 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती ही नोंदवही तयार करते.