उणे गळतीचं कोडं कसं सुटलं

आमच्या आरोग्य केंद्राच्या लसीकरण अहवालात महिनोन्‌महिने पेंटाच्या (पाच आजारांपासून वाचवणारी, बाळांना तीन डोसांत द्यायची लस) पहिल्या डोसपेक्षा तिसऱ्याचा आकडा मोठा येत होता. गळती म्हणजे पहिला डोस घेऊन तिसऱ्यापर्यंत न पोचलेल्या बाळांचं प्रमाण. ती काढायची रीत सोपी: पहिल्यातून तिसरा वजा करायचा, पहिल्याने भागायचं, 100 ने गुणायचं. उत्तर 10 टक्क्यांवर गेलं की धोका समजायचा. आमचं उत्तर उणे! वरवर छान दिसणारा हा आकडा मला झोपू देईना.

शेवटी सिस्टरांबरोबर रजिस्टर आणि टॅली शीट (प्रत्येक डोसला एक रेघ मारायचा कागद) शेजारी ठेवून एकेक ओळ बोटाने मोजली. चूक तिथेच होती. उशिरा आलेल्या बाळाचा डोस पहिला असला, तरी वय बघून रेघ तिसऱ्याच्या रकान्यात पडत होती. गर्दीत हे कुणाचंही होईल, म्हणून कुणाला बोल लावला नाही.

आता रेघ मारण्याआधी कार्डावरचा डोस क्रमांक मोठ्याने वाचतो. कार्डाची आपल्याकडची प्रत पुढच्या डोसच्या महिन्याच्या कप्प्यात जाते. पहिल्याच महिन्यात खरी गळती दिसली, 10 टक्क्यांच्या वर. कप्प्यात उरलेल्या प्रती घेऊन त्याच आठवड्यात आम्ही घरोघर निघालो.