भिंत फोडायच्या आधी बघा, बिल्डिंग कुठल्या प्रकारची आहे

किचन मोठं करायचंय म्हणून लगेच हातोडा उचलू नका, आधी दाराच्या चौकटीपाशी टेप लावून भिंतीची जाडी मोजा. आतल्या भिंतीपण ९ इंच किंवा जास्त, कॉलम-बीम (खांब-तुळया) कुठेच दिसत नाही, असं असेल तर बहुतेक लोड बेअरिंग, म्हणजे स्लॅबचं वजन भिंतीच पेलतायत. जुने बंगले, दोन-तीन मजली सोसायट्या बऱ्याचदा अशाच. इथे भिंत काढणं सोडाच, नवीन दार पाडायचं तरी वर लिंटेल (दारावरची आडवी तुळई, जी वरच्या भिंतीचं वजन घेते) आणि काम होईपर्यंत टेकू पाहिजेच.

आरसीसी फ्रेममध्ये, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या सांगाड्यावर उभ्या बिल्डिंगमध्ये, वजन स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर आणि तिथून फुटिंगला, म्हणजे पायाला जातं, मधली ४-६ इंची विटांची भिंत सहसा नुसती पार्टिशन, ती काढता येते, पण कॉलम-बीमला हात लावायचा नाही, एसीच्या पाइपसाठी बीमला भोक पाडणारे बघितले की खरंच काळजी वाटते.

सगळ्यात फसवं प्रकरण नवीन टॉवरचं. मायवान पद्धतीत ॲल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात, त्यामुळे भिंत पातळ दिसली तरी काँक्रीटची असते, आत सळई, आणि वजन तीच घेते. ती अजिबात तोडायची नाही.

गावाकडचं दगड-मातीचं घर असेल तर जाडीवर विसंबू नका, १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच जाड भिंती आणि मातीची जड छपरं कोसळली.

शंका असेल तर सोसायटीकडून स्ट्रक्चरल ड्रॉइंग मागा, ते घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरला प्रत्यक्ष घरी बोलवा, आणि त्याचं लेखी घेतल्याशिवाय कॉन्ट्रॅक्टरला ॲडव्हान्स देऊ नका.