शिलेदारांच्या पोरांसोबत काम करताना

रायडिंग क्लबात नोकरी करायची म्हणून वर्षातून पाच-सहा जणांचे तरी मला फोन येतात. घोड्यांची आवड आहे, पडायची भीती नाही, पगार थोडा कमी चालेल, असं सगळेच सांगतात. घोड्यांविषयी भरभरून विचारतात, घोड्यांच्या मालकांविषयी कुणीच विचारत नाही. पण पहिल्या वर्षात नोकरी सोडून गेलेले जेवढे मी पाहिले, त्यांतला एकच लाथ खाऊन गेला. बाकीचे बारा-पंधरा वर्षांच्या मालकांना कंटाळून गेले.

पुण्याजवळच्या एका क्लबात मी सात वर्षं मदतनीस प्रशिक्षक आहे. आजोबा मिरजेत टांगा चालवायचे, त्यामुळे खरारा (घोड्याचं अंग घासणं) आणि चंदी (त्याचा दाणा) हे शब्द मला शाळेआधी कळले. टांग्याचा घोडा आधी खायचा, मग घरात ताटं वाढली जायची. हे डोक्यात घेऊन इथे आल्यामुळे पहिले सहा महिने माझं डोकं सतत तापलेलं असायचं.

शिवकाळातल्या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकार होते. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारं घेऊन येई. आमच्याकडेही तसंच आहे. क्लबाच्या घोड्यावर तासाचे पैसे भरून शिकणारी मुलं बारगीर, वडिलांनी घेऊन दिलेला घोडा आमच्याकडे ठेवणारी शिलेदार. फरक एवढाच, की जुन्या शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची रोजीरोटी जायची. आमच्या शिलेदाराचा घोडा अडला तर नवा येतो.

बारगीर पोरांना आज एक घोडा मिळतो, उद्या दुसरा. एक आळशी, एक कानाला हात लावू न देणारा. आमचे बहुतेक घोडे शर्यतीतून निवृत्त झालेले, थरोब्रेड जातीचे, म्हणजे पाठीवर पाय टाकला की पळायचं एवढंच शिकलेले. असे दहा घोडे हाताखालून गेलेली मुलगी अनोळखी घोड्यापाशी गेल्यावर आधी त्याचे कान बघते. शिलेदार पोरगा आधी सईस, म्हणजे घोड्याची निगा राखणारा माणूस, कुठे आहे ते बघतो.

ही सवय ओळखायची माझी खूण आहे उतरताना सोडलेला लगाम. रपेट संपली की पोरगा खाली उडी मारतो आणि न बघता लगाम हवेत सोडतो, कुणीतरी पकडणारच हे ठरलेलं असतं. घामाघूम घोड्याला मग सईस पंधरा-वीस मिनिटं चालवून श्वास जागेवर आणतो, पाय धुतो, खुरातले खडे काढतो. त्याच्याकडे आणखी चार घोडे असतात. शिवकाळातल्या पागेत पंचवीस घोड्यांमागे नाल ठोकणारा एक नालबंद आणि पाणी भरणारा एक पखालजी ठरलेला असे. आमच्याकडे कुणाच्या वाट्याला किती घोडे, हे कोण आजारी आहे आणि कोण गावाला गेलंय त्यावर ठरतं.

२०२३च्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेण्याचा प्रकार) संघाने सुवर्णपदक जिंकलं, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी. त्यानंतर आमच्याकडे चौकशा वाढल्या. आनंदच आहे. पण त्या चौघांनी युरोपात राहून वर्षानुवर्षं घोड्यांसोबत दिवस काढले होते, हा भाग कुणी विचारत नाही. 'चांगला घोडा केवढ्याला येईल?' हा पहिला प्रश्न असतो.

गमतीही होतात. एकीने आपल्या घोड्याचा वाढदिवस केला. तबेल्याच्या दाराला फुगे बांधले आणि एक फुटला. पुढची दहा मिनिटं आम्ही तीन घोडे आवरत होतो. मग काजूकतलीचा अख्खा डबा निघाला. घोड्याला उलटी करता येत नाही. पोटात गेलेलं चुकलं की पोटशूळ उठतो आणि त्यात घोडा जाऊही शकतो. मी डबा काढून घेतला, तर आईने मॅनेजरकडे तक्रार केली. मला माफी मागावी लागली. मागितली. डबा परत दिला नाही.

तीच मुलगी नंतर मला वेगळी दिसली. ड्रायव्हर तिला दुपारी तीनला सोडायचा आणि सातला न्यायला यायचा. एक तास रपेट, उरलेले तीन तास ती घोड्याजवळ पेंढ्यावर बसून त्याच्याशी बोलायची. आम्ही चहा पिताना तिची नक्कल करायचो. लाडावलेली म्हणून हसण्यात आमचाही थोडा सूड असतो, हे नव्या लोकांनी ध्यानात ठेवावं. चहाच्या टपरीवर तो फार लवकर शिकला जातो.

आता माझी चूक सांगते. चौदा वर्षांचा एक मुलगा, त्याची शर्यतीतून आलेली घोडी. नव्वद सेंटिमीटरची उडी ती हसत मारायची, आणि अचानक अडायला लागली. मुलगा म्हणाला, "ही बिघडली. दुसरी घ्या." वडिलांनी आम्हाला घोडी 'सरळ करायला' सांगितलं. आमचे सईस काका तीन आठवडे मला सांगत होते, "ताई, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना ती मान वळवून चावायला बघते. आधी असं नव्हतं." मी एकदा रपेटीनंतर खोगिराखालचं कापड उचललं. पाठ घामाने ओली, पण उजवीकडे तळहाताएवढा भाग कोरडा. तिथे खोगीर इतकं दाबत होतं की घामही येत नव्हता. ते खोगीर परदेशातून मागवलेलं, मॅनेजरच्याच ओळखीतून. मी गप्प बसले. आणखी आठ दिवस ती घोडी तशीच उड्या मारायला नेली गेली, आणि नाही म्हणाली की चाबूक खात राहिली.

शेवटी मी वडिलांना फोन केला. ते ओरडतील अशी तयारी ठेवली होती. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "हे तुम्हाला कधी कळलं?" मी म्हणाले, "कालच." दुसऱ्या दिवशी मुलगा माझ्यासमोर उभा राहिला. "काकांना तर कधीपासून माहीत होतं. मला कुणी का नाही सांगितलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला कुणी काही सांगतच नाही. घोडा तयार असतो, चूक घोड्याची असते, आणि आमचे पगार त्याच्या वडिलांच्या मासिक चेकमधून निघतात. पोरगा लाडावतो त्यात आमचा हातभार असतो.

म्हणून नोकरीच्या मुलाखतीला जाल तेव्हा उलटे प्रश्न विचारा. एका सईसाकडे किती घोडे? रपेटीनंतर खोगीर कोण उतरवतं, मूल की सईस? घोडा लंगडतोय म्हणून मी तास रद्द केला, तर क्लब कुणाची बाजू घेणार? शेवटच्या प्रश्नावर समोरचा हसला तर समजून जा. पगार आणि अपघाताचा विमा कागदावर घ्या. घोड्याचा अनुभव नसेल तर पहिले तीन महिने सईसांसोबत काढा, कमीपणा वाटून घेऊ नका. पशुवैद्यकाला शिकत असाल तर एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी स्क्वॉड्रनची, म्हणजे घोड्यांच्या पथकाची, चौकशी करा. तिथे घोडा वापरला की साफ करायचा, हे कुणाला सांगावं लागत नाही.

आणि पालकांशी बोलायचं ते घोड्याजवळ उभं राहून. फोनवर 'पाठ दुखतेय' म्हटलं की बहाणा वाटतो. वडिलांचा हात धरून त्या कोरड्या डागावर ठेवला, आणि घोडीने कातडी थरथरवली, की पुढे फार बोलावं लागत नाही. हे मला त्या फोननंतर सुचलं.

ती घोडी सहा आठवडे विश्रांतीवर होती, खोगीर बदललं, उड्या पुन्हा सुरू झाल्या. पण तोवर नव्या घोड्याचा सौदा झाला होता. घोडी क्लबाने घेतली, आता बारगीर पोरं तिच्यावर शिकतात. तंग आवळताना ती अजूनही मान वळवते, नुसती बघते. मुलगा रविवारी तिच्यासाठी गाजर आणतो. ते आधी काकांना दाखवतो.

नव्या घोड्याचा लगाम मात्र तो अजून हवेतच सोडतो. परवा काका तिथे नव्हते. घोडा एक क्षण थांबला, आणि निवांत कुंपणापलीकडच्या गवताकडे चालू लागला. सात वर्षांत एखाद्या शिलेदाराला आपल्या घोड्यामागे पळताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी मदतीला गेले नाही.