केप्लर-१७ वरचे डाग कसे शोधायचे

केप्लर-१७ हा एक तारा, आणि त्याच्यावरचे काळपट डाग शोधायचे आहेत. पायथॉन थोडंफार येत असेल तर हे घरबसल्या जमतं. केप्लर दुर्बिणीचा डेटा फुकट आहे, लाइटकर्व्ह नावाच्या पॅकेजने उतरवा, पण दर मिनिटाला प्रकाश मोजलेला घ्या, दर अर्ध्या तासाच्या डेटात डाग पार धुऊन जातात.

या ताऱ्याचा ग्रह दर १.४९ दिवसांनी त्याच्यासमोरून जातो (यालाच ट्रान्झिट म्हणतात), सव्वादोन तास. सगळी ट्रान्झिट एकावर एक ठेवून मॉडेल बसवा आणि प्रत्येकातून वजा करा. जे उरतं त्यात मधेच छोटासा उंचवटा दिसला तर समजा ग्रह डागावरून गेला, कारण डाग आधीच काळपट, तो झाकला की प्रकाश कमी घटतो, म्हणून आलेख वर उचलतो (मी आधी खाली खड्डा शोधत बसलेलो!).

उंचवटा ट्रान्झिटच्या बरोब्बर मधे तर डाग चकतीच्या मधोमध, कडेकडे सरकला तर रेखांश काढायला साइनचा व्यस्त (arcsin) लावा. तारा सुमारे ११.९ दिवसांत फिरतो, म्हणजे तेवढ्यात ग्रहाच्या जवळपास आठ फेऱ्या, त्यामुळे पुढच्या ट्रान्झिटला तोच डाग ४५ अंश सरकलेला दिसायला हवा आणि आठव्याला परत जागेवर. तसं नाही झालं तर तो बहुतेक नॉइज, म्हणजे मोजणीतला गोंगाट. आणि नकाशा फक्त ग्रहाच्या वाटेतल्या पट्ट्याचाच हां, ध्रुवाकडे काय चाललंय ते यात कळत नाही.