नवरंग ऐकू येतो, पण दिसत नाही? या चुका टाळा

मे संपत आला की ठाण्याजवळच्या येऊरच्या, पनवेलजवळच्या कर्णाळ्याच्या रानात नवरंग पक्ष्याची दोन सुरांची शीळ सुरू होते. दक्षिणेत हिवाळा काढून तो इकडे विणीसाठी येतो. मी सलग तीन पावसाळे नुसती शीळ ऐकून घरी आलोय, त्यामुळे पुढच्या बहुतेक चुका माझ्याच आहेत.

पहिली चूक वेळेची. तमिळमध्ये याला ‘सहा वाजताचा पक्षी’ म्हणतात, ते उगाच नाही. उजाडताना आणि तिन्हीसांजेला तो सर्वांत जास्त बोलतो. वडापाव, चहा उरकून साडेआठला रानात शिरलात तर तो गप्प झालेला असतो.

दुसरी चूक, आणि हीच खरी नडते: चुकीच्या उंचीवर शोधणं. नवरंग जमिनीवर चरतो हे वाचून आपण शीळ आली की पाचोळा धुंडाळतो. पण शीळ घालताना तो बऱ्याचदा झाडाच्या फांदीवर असतो. मान मागे टाकून, चोच आभाळाकडे करून ओरडतो. तेव्हा शीळ चालू असताना फांद्या बघा आणि ती थांबली की जमीन. खाली तो दोन-तीन उड्या मारतो, थबकतो, चोचीने पान उलटतो, आखूड शेपटी वरखाली करतो. पान उलटल्याची खसखस नीट ऐकलीत तर जागा सापडते.

मागे मागे फिरू नका. तो उडून दूर जात नाही, झुडपाआड टुणटुणत सटकतो आणि आपण आणखी पुढे जातो. एके ठिकाणी झाडाला टेकून अर्धा तास बसा. डास चावणारच, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, कारण मानेवर मारलेल्या एका चापटीने माझा तासाभराचा खेळ संपलाय. पायवाट तर सोडूच नका. त्याचं गोल घरटं जमिनीवर किंवा खालच्या फांदीत असतं आणि लांबून वाळक्या पानांचा ढीगच वाटतं.

मोबाइलवर शीळ वाजवणं सरळ बंद. विणीच्या दिवसांत नराला हद्दीत दुसरा नर घुसलाय असं वाटतं, तो खाणंपिणं टाकून धावतो. असा फोटो मिरवण्यात मला तरी मजा वाटत नाही.

आता कॅमेरा. झाडोऱ्याखाली उजेड इतका कमी की फोटो हलतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, ३२००पर्यंत न्यायला घाबरू नका, दाणेदार फोटो चालतो, हललेला नाही. शटरचा वेग १/२५० सेकंद ठेवून तो थबकला की तीन-चार क्लिक. अंधाऱ्या पार्श्वभूमीमुळे कॅमेरा चित्र उजळ करतो आणि गळ्याचा पांढरा रंग पार उडतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं उणे करा. फोकसचा एकच बिंदू निवडून डोळ्यावर धरा, नाहीतर पुढचं गवत छान टिपलं जातं. उभ्याने काढलेल्या फोटोत हिरवी पाठ तेवढी येते. शेपटीखालचा लाल रंग हवा तर बसा, जमलं तर पालथे झोपा.

आणि हो, एसी गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर वाफ धरते. पुसत बसू नका. कॅमेरा पिशवीतच दहा-पंधरा मिनिटं गरम होऊ द्या. तोवर शीळ कुठल्या बाजूने येतेय ते ऐका.